शेवटच्या कोर्टात पहिल्यांदा फाशी: हिंडलग्यातून पाहिलेला पालार खटला

16 फेब्रुवारी 2013, शनिवार. वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा मध्यवर्ती कारागृहाच्या बाहेर वाहिन्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि बेळगावात चहाच्या टपरीपासून बार रूमपर्यंत एकच प्रश्न होता: उद्या पहाटे की परवा? आठवड्याभरापूर्वी, 9 फेब्रुवारीला, अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिल्याचं देशाला फाशीनंतर कळलं होतं. त्याआधी नोव्हेंबर 2012मध्ये येरवड्यात कसाबचंही तसंच झालं. त्यामुळे कुणी कितीही नाही म्हटलं तरी लोकांचा विश्वास बसत नव्हता. 1983नंतर हिंडलग्यात फाशी झालेली नाही आणि कर्नाटकात फाशीची सोय आहे ती इथेच. आता आत चौघे जण होते.

आमच्याकडे हिंडलगा हा शब्द वेगळ्या आठवणी घेऊन येतो. गावात 1986च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. सीमालढ्यात अटक झालेल्यांच्या घरात या जेलच्या कथा आहेत. 1950मध्ये सावरकरांना खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं तेही इथेच. एवढी ओळख असूनही त्या शनिवारी फाटकाबाहेर जमलेल्यांपैकी फार थोड्यांना आतल्या चौघांचा खटला ठाऊक होता. चंदनतस्कर वीरप्पनची माणसं, एवढंच. वकील असून मलाही तेव्हा त्याहून जास्त माहिती नव्हती, हे कबूल करतो. कागद नंतर वाचले, आणि वाचल्यापासून आमच्या चेंबरमध्ये येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी हे प्रकरण वाचायला लावतो.

घटना आणि आरोपी

9 एप्रिल 1993 रोजी कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमेवर, माले महादेश्वर डोंगराजवळच्या पालार इथे पोलिसांच्या पथकावर भूसुरुंगांचा स्फोट झाला. पोलीस, वनखात्याची माणसं आणि सोबतचे खबरे मिळून 22 जण मेले. वीरप्पनच्या टोळीचं हे काम होतं, याबद्दल कधीच वाद नव्हता. वाद होता तो एवढाच की टोळीतलं नेमकं कोण तिथे होतं, आणि नंतर जाळ्यात सापडलेल्या शेकडो माणसांपैकी टोळीतलं खरोखर कोण होतं.

कोळ्ळेगालच्या पलीकडचा तो पट्टा आपल्या खानापूर-निपाणीसारखाच सीमाभाग आहे, फक्त सीमा दुसरी. नकाशा कर्नाटकाचा आणि घरातली भाषा बऱ्याच ठिकाणी तमिळ. सायमन, बिलवेंद्रन, ज्ञानप्रकाशम आणि मीसेकार मादय्या या चौघांपैकी पहिल्या तिघांच्या नावांवरूनच मुलूख कळतो. तिथल्या गावकऱ्याला रात्री जंगलातून टोळी येऊन तांदूळ मागायची आणि सकाळी पोलिसांचं विशेष कृती दल येऊन तांदूळ का दिलास म्हणून उचलून न्यायचं. या दलाच्या छळाच्या तक्रारी इतक्या झाल्या की राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने न्या. ए. जे. सदाशिव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं आणि 2007मध्ये 89 पीडितांना 2 कोटी 80 लाख रुपयांची मदत देण्याची शिफारस केली. ही शिफारस खटला संपल्यानंतरची. आरोपी कोठडीत असताना त्यांच्या बाजूने असला कुठलाच कागद नव्हता.

टाडा नावाचं यंत्र

खटला टाडाखाली, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, चालला. मूळ कायदा 1985चा, मग 1987चा. साध्या फौजदारी खटल्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. भारतीय पुरावा कायद्याचं कलम 25 ते थेट बाद करायचं. इंग्रजांनी घातलेली ही अट आहे, आणि इंग्रज काही भोळे नव्हते. आपल्याच ठाण्यांत काय चालतं हे त्यांना माहीत होतं. टाडाच्या कलम 15ने ही अट उठवली. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब पुरावा झाला, आणि 1993च्या दुरुस्तीनंतर तो सहआरोपीविरुद्धही वापरता येऊ लागला. जामीन जवळपास अशक्य, कारण आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी आधार आहे असं न्यायाधीशालाच आधी वाटायला हवं. साक्षीदारांची ओळख लपवता येत होती. 1994मध्ये कर्तारसिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. कबुलीजबाबाच्या कलमाबाबत मात्र न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांचं मत विरुद्ध होतं. बहुमतानेही सूचना घातल्या: जबाब मोकळ्या वातावरणात घ्यावा, ज्या भाषेत प्रश्न विचारले आणि ज्या भाषेत माणूस बोलला त्याच भाषेत नोंदवावा, आणि त्याला विलंब न लावता दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं.

भाषेच्या सूचनेवर मी ज्युनिअरना थांबवतो. बेळगावात वकिली करणाऱ्याला ती सूचना पुस्तकी वाटत नाही. खानापूर तालुक्यातला माझा एक पक्षकार, साध्या भांडणाच्या केसमध्ये पंच म्हणून नेलेला. पंचनामा कानडीत, सही मराठीत. उलटतपासणीच्या आधी मी विचारलं, यात काय लिहिलंय? म्हणाला, "वकीलसाहेब, सही माझीच हाय. वर काय लिवलंय ते कानडी मला वाचाय कुठं येतंय?" त्या पंचनाम्याने कुणाचा जीव जाणार नव्हता. पण यंत्र तेच. लिहिणारा एक, बोलणारा दुसरा, वाचू न शकणारा सही करतो आणि तीन वर्षांनी तो कागद कोर्टात त्याच्या तोंडचा म्हणून उभा राहतो.

आणि शेवटचं कलम, ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं: कलम 19. टाडा कोर्टाच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. मुदत 30 दिवस. उच्च न्यायालय मधून गायब.

हे कलम आणलं तेव्हा, खटले लवकर निकाली निघावेत, असं समर्थन होतं. ज्युनिअर लोकांनाही पहिल्यांदा हे आरोपीच्या सोयीचंच वाटतं. एक पायरी कमी, थेट देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टात. मी त्यांना म्हणतो, जिन्याची एक पायरी काढून बघा आणि मग अंधारात उतरा.

म्हैसूर, आठ वर्षं

चौघे 1993पासून आत होते. म्हैसूरच्या टाडा कोर्टाचा निकाल लागला 29 सप्टेंबर 2001 रोजी. मे 1995मध्ये संसदेने टाडाची मुदत वाढवली नाही, कायदा मेला, पण त्याच्याखाली दाखल झालेले खटले चालूच राहिले. त्यामुळे मेलेल्या कायद्याखाली सहा वर्षांनी माणसं दोषी ठरली. वीरप्पनशी संबंधित या खटल्यांत धरलेल्या शंभरावर माणसांची शेवटी निर्दोष सुटका झाली. त्यांची गेलेली वर्षं कुठल्याच निकालपत्रात जमा धरलेली नाहीत.

मधल्या काळात एक प्रसंग घडला, जो बेळगावातल्या माझ्या वयाच्या कुणालाही आठवेल. 30 जुलै 2000 रोजी वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचं अपहरण केलं. अवघं कर्नाटक ठप्प झालं. मागण्यांमध्ये टाडाखालच्या कैद्यांची सुटका होती, आणि राज्य सरकार खटले मागे घ्यायला तयारही झालं. त्याला आव्हान दिलं अब्दुल करीम यांनी. त्यांचा मुलगा शकील अहमद हा पोलीस उपनिरीक्षक 1992मध्ये वीरप्पनच्या हल्ल्यात मारला गेला होता. 7 नोव्हेंबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला रोखलं. माझ्या मते अब्दुल करीम बरोबर होते. खंडणीत खटले देता येत नाहीत. पण या प्रसंगाने एक गोष्ट उघडी केली. सरकारच्या हिशेबात हे खटले वाटाघाटीत सोडून देण्याइतके हलके होते, आणि तरीही त्यातली माणसं जामिनावर सोडण्याइतके हलके नव्हते.

म्हैसूर कोर्टाने आपल्या चौघांना जन्मठेप दिली. ज्या न्यायाधीशाने साक्षीदार डोळ्यांसमोर पाहिले, आरोपींना वर्षानुवर्षं पिंजऱ्यात उभं पाहिलं, त्याला फाशीची गरज वाटली नाही.

29 जानेवारी 2004

चौघांनी अपील केलं. जन्मठेप रद्द व्हावी म्हणून. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्वतःहून शिक्षावाढीचा विचार केला आणि 29 जानेवारी 2004 रोजी चौघांची जन्मठेप बदलून फाशी दिली. सायमन विरुद्ध कर्नाटक राज्य. गुन्ह्याचं क्रौर्य, पूर्वतयारी, पोलिसांची एवढी मोठी जीवितहानी ही कारणं निकालात आहेत, आणि ती पोकळ नाहीत. 22 घरांतून माणसं गेली होती.

आता प्रक्रियेकडे बघा. साध्या खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली तर उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही. तिथे दोन न्यायमूर्ती पुरावा मुळापासून वाचतात. मग सर्वोच्च न्यायालय. उच्च न्यायालयानेच पहिल्यांदा फाशी दिली असेल तर वर जायला जागा असते. म्हणजे फाशी कुठेही सुनावली गेली तरी तिच्यावर किमान एक कोर्ट असतं. पालार खटल्यात फाशी जन्मली तीच सर्वोच्च न्यायालयात. या शिक्षेवर अपील ऐकायला भारतात कुणीच उरलं नव्हतं. उरली पुनर्विलोकन याचिका, म्हणजे त्याच कोर्टाला पुन्हा विचार करण्याची विनंती. ती त्याच वर्षी फेटाळली गेली. त्या काळी अशा याचिका दालनात, वकिलांना न ऐकता, निकाली निघत. फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन खुल्या कोर्टात ऐकायचं आणि फाशीची प्रकरणं किमान तीन न्यायमूर्तींपुढे चालवायची, हे ठरलं सप्टेंबर 2014मध्ये, मोहम्मद आरिफ प्रकरणात. चौघांना दहा वर्षं उशिरा.

भारताने 1979मध्ये स्वीकारलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 14(5)मध्ये दोषसिद्धी आणि शिक्षा, दोन्हींवर वरच्या न्यायालयाकडून फेरविचाराचा हक्क दिलेला आहे. पालारच्या चौघांना दोषसिद्धीवर एक फेरविचार मिळाला. फाशीच्या शिक्षेवर एकही नाही.

टाडा कोर्टं चुकत नव्हती असं कुणी म्हणत असेल तर राजीव गांधी हत्या खटला आठवावा. जानेवारी 1998मध्ये टाडा कोर्टाने 26 जणांना, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या आरोपींना, फाशी सुनावली. मे 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि 19 जणांना सोडून दिलं. फाशी खालच्या कोर्टात झाली होती म्हणून ती तपासायला वर कुणीतरी होतं, म्हणून ही माणसं वाचली. पालारमध्ये उलटा क्रम पडला. जन्मठेप खाली, फाशी वर, आणि वरच्याच्या वर आकाश.

आणखी नऊ वर्षं

दया अर्ज 2004मध्येच गेले. राज्यपालांनी फेटाळले. राष्ट्रपती भवनात फाइल राहिली. कलाम गेले, प्रतिभाताई पाटील गेल्या, आणि फेब्रुवारी 2013मध्ये प्रणव मुखर्जींनी अर्ज फेटाळल्याची बातमी हिंडलग्यात पोचली. ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं तो वीरप्पन 18 ऑक्टोबर 2004 रोजीच मारला गेला होता.

फाशी सुनावलेल्या माणसाचं जेलमधलं जगणं कसं असतं, याचं उत्तर याच हिंडलग्यातून दुसऱ्या एका खटल्यात मिळालं. बी. ए. उमेश हा बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातला कैदी इथे 2006पासून दहा वर्षं एकांतवासात होता. दया अर्ज फेटाळला जाण्याआधी कुणालाही असं ठेवता येत नाही, हे 1978च्या सुनील बत्रा निकालापासून कायद्यात आहे. नोव्हेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या एकांतवासाचा परिणाम लक्षात घेऊन त्याची फाशी रद्द केली. वेंगुर्ला रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही त्या भिंतीआड हे चाललंय याची गंधवार्ता नव्हती.

2013च्या त्या शनिवारी चौघांच्या वकिलांनी सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्याकडे तातडीची सुनावणी मागितली. फाशीची तारीख ठरल्याचा ठोस कागद नसल्याने ती त्या दिवशी झाली नाही. रविवार तसाच गेला. सोमवारी, 18 फेब्रुवारीला, स्थगिती मिळाली. फाटकासमोरच्या गाड्या हळूहळू निघून गेल्या.

पुढे आणखी एक वळण. एप्रिल 2013मध्ये देविंदरपालसिंग भुल्लर प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की टाडासारख्या कायद्याखालच्या कैद्याला दया अर्जाच्या विलंबाचा फायदा मागता येणार नाही. भुल्लरचा खटलाही बोलका आहे. कबुलीजबाबावर उभा. 2002मध्ये तीनपैकी न्या. एम. बी. शहा यांनी त्याला निर्दोष ठरवलं होतं. दोघांनी फाशी कायम केली. एका मताच्या फरकाने माणूस फासावर जाऊ शकतो आणि दहशतवादाचा शिक्का असल्याने त्याला विलंबाचाही आधार नाही, असा तो निकाल होता. तो टिकला असता तर पालारचे चौघेही गेले असते.

21 जानेवारी 2014 रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यात हे चौघे होते. भुल्लरचा निकाल चुकीचा ठरवला गेला: दया अर्ज वर्षानुवर्षं अडकवून ठेवणं ही टाडाच्या कैद्याच्या बाबतीतही छळवणूकच. दया अर्ज फेटाळल्याची लेखी माहिती कैद्याला आणि कुटुंबाला द्यायची, त्यानंतर किमान 14 दिवसांचं अंतर, खटल्याचे कागद, मोफत कायदेशीर मदत, शेवटची भेट, मानसिक तपासणी, फाशीनंतर शवविच्छेदन, हे नियमही तिथेच घातले गेले.

इथे ज्युनिअर हमखास म्हणतात, सर, म्हणजे शेवटी न्याय झाला.

मला ते पटत नाही. निकाल पुन्हा वाचा. चौघांना वाचवलं ते विलंबाने. कबुलीजबाब कसे घेतले, साक्षीदारांनी ओळख कशी पटवली, जन्मठेप पुरेशी वाटलेल्या कोर्टाच्या अंदाजात चूक काय होती, यातल्या एकाही प्रश्नाला 2014च्या निकालाने हात लावला नाही, कारण तो प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच. राष्ट्रपती भवनातली फाइल दोन वर्षांत हलली असती तर सगळं नियमानुसार होऊन चौघे हिंडलग्यात फासावर गेले असते, आणि आज हे लिहायला विषयही उरला नसता. सरकारी दिरंगाईला इतका चांगला दिवस क्वचित येतो.

फाशी रद्द झाली तरी जेल सुटला नाही. एक जण 2022च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर जेलमधून आजारपणामुळे जामिनावर बाहेर आला, 29 वर्षांनी.

नावं बदलली, कलम तेच

टाडा गेला, पोटा हा दुसरा दहशतवादविरोधी कायदा आला, तोही 2004मध्ये गेला. पोटाखालच्या अक्षरधाम मंदिर हल्ल्याच्या खटल्यात तिघांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 16 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या सहा आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे मधली पायरी असूनही घसरता येतं, हेही खरं. पण आपल्या घराजवळचं उदाहरण जास्त बोलतं. 2006च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कोर्टाने 2015मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब त्यांनी ग्राह्य धरले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती आली, पण माणसं पुन्हा आत गेली नाहीत. फाशी झालेल्या पाचांपैकी एकाचा निकालाआधीच जेलमध्ये मृत्यू झाला होता. मोक्कात उच्च न्यायालयाची पायरी होती म्हणून हा निकाल येऊ तरी शकला. टाडाची चौकट असती तर?

महाराष्ट्राचा मोक्का 1999चा. कर्नाटकाने 2000मध्ये त्याच साच्याचा कायदा केला, आम्ही त्याला कोका म्हणतो. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यं कितीही भांडोत, पोलीस अधीक्षकासमोरच्या कबुलीजबाबावर दोघांचं एकमत आहे. पत्रकार गौरी लंकेश यांच्या हत्येच्या खटल्यातही हा कायदा लावला गेला. बळी पडलेली व्यक्ती कोण, आरोपी कोणत्या बाजूचे, यावर आपली मतं बदलतात हे मी बार रूममध्ये पाहतो. मोक्काला शिव्या घालणारा वकील कोकाचं कौतुक करतो आणि उलटही. पालारची फाइल दोघांपुढे ठेवली की थोडा वेळ शांतता होते. नंतर कुणीतरी चहा मागवतं.

आता आमच्याकडे कोकाची फाइल आली की ज्युनिअरला मी आरोपपत्र वाचायला देत नाही. आधी कबुलीजबाब काढायला सांगतो, आणि त्यातही शेवटचं पान. स्वेच्छेचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं, किती वाजताचं. आदल्या दिवशी माणूस कुठल्या कोठडीत होता. दंडाधिकाऱ्यासमोर केव्हा नेलं, त्याने मारहाणीबद्दल काही सांगितलं का, सांगितलं असेल तर वैद्यकीय तपासणीचा कागद कुठाय. मग जबाब कोणत्या भाषेत लिहिलाय ते बघायचं, आणि आरोपी घरी कोणती भाषा बोलतो हे त्याच्या बायकोला विचारायचं, पोलिसांना नाही.